साडेतेवीस अंश

"मागे ये. अजून मागे. वळायचं नाही, तोंड फळ्याकडेच," पिंपळापुरे सर म्हणाले.

रीनानं एक पाऊल मागे टाकलं. चौथी 'ब'ची बाकं भिंतींना सरकवली होती. मधल्या मोकळ्या जागेत स्टुलावर दोनशे वॉटचा उघडा बल्ब जळत होता आणि त्याच्याभोवती फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढलं होतं. खिडक्यांवर चादरी बांधल्या होत्या. बल्ब म्हणजे सूर्य. रीनाच्या कमरेला बांधलेली निळी रिबीन म्हणजे विषुववृत्त, डाव्या कोपराच्या जरा वर चिकटवलेली लाल टिकली म्हणजे नागपूर, डोकं म्हणजे उत्तर ध्रुव. पायांत काही नव्हतं. चपलेनं कल कमी दिसतो, हे सरांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

रीना नऊ वर्षांची होती. तान्ही असताना खुब्याच्या सांध्यात पू झाला आणि डावा पाय वाढीत मागे पडला. आता तो उजव्यापेक्षा दीड इंच आखूड होता. उभी राहिली की ती डावीकडे कलायची. पुढे चालणं तिला सवयीनं जमायचं. उलटं चालताना मात्र डावा पाय जमिनीला लागायच्या आत उजवा उचलला जाई. सप्टेंबर आणि डिसेंबरच्या मधे ती पडली. त्या सकाळची ती दुसरी वेळ.

"सर, भूकंप आला," सौरव म्हणाला.

वर्ग हसला. सरांनाही हसू आलं, पण त्यांनी ते लवकर आवरलं आणि पायानं पुसला गेलेला खडू पुन्हा ओढून घेतला.

"ऊठ. सप्टेंबरपासून पुन्हा घेऊ."

रीना उठली. तिनं आधी रिबीन सारखी केली, मग कोपराला हात लावून नागपूर जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा सप्टेंबरवर जाऊन उभी राहिली.

बावीस डिसेंबरला वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो, हे चौथीच्या मुलांकडून पाठ करून घेणं सोपं आहे. तो लहान का असतो, हे दाखवणं अवघड. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला कललेला राहतो, ही त्यातली मेख. सूर्याच्या एका बाजूला असताना तिचं डोकं सूर्याकडे असतं, तेव्हा आपला दिवस मोठा. फिरत फिरत ती समोरच्या बाजूला गेली की तेच डोकं सूर्यापासून लांब जातं, तेव्हा आपली रात्र मोठी. सरांनी याचं एक वाक्य केलं होतं आणि मुलांकडून ते घोकून घेतलं होतं: कल बदलत नाही, जागा बदलते.

गिरिधर पिंपळापुरे अठ्ठावीस वर्षं हे वेगवेगळ्या तऱ्हांनी दाखवत आले होते. संत्र्यात विणायची सुई खुपसून पाहिली. मागच्या बाकांना दिसलं नाही. मुलालाच पृथ्वी करून पाहिलं. मूल चार पावलं कलून चालायचं आणि मग विसरून सरळ व्हायचं, नाहीतर वळताना कलही सोबत वळवायचं आणि मग डिसेंबरातही उन्हाळाच यायचा. दरवर्षी पाठ अर्ध्यावर फसे आणि सर शेवटी फळ्यावर आकृती काढत.

या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, पृथ्वी कोण होणार. जवळजवळ सगळे हात वर झाले. रीनाचा झाला नाही. ती खिडकीशी उभी होती, नेहमीसारखी डावीकडे कललेली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि अठ्ठावीस वर्षांचं कोडं सुटलं. ही आपला कल विसरणार नव्हती. हिनं तोंड फळ्याकडे ठेवून सूर्याभोवती फेरी घातली, जिथं उलटं सरकावं लागेल तिथं उलटी सरकली, तर कल आपोआप एकाच भिंतीकडे राहणार होता.

त्यांनी तिला पुढे बोलावलं. फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक तिच्या पाठीला लावला. पृथ्वीचा कल साडेतेवीस अंश असतो. रीनाचा त्याच्या निम्म्यालाही पोचेना.

"थोडा कमी पडतो आहे. कमरेतून अजून वाक," सर म्हणाले. मग वर्गाकडे वळून त्यांनी सांगितलं की पृथ्वीही सरळ उभी नाही, ती आपल्या रीनासारखीच आहे, आणि ती तशी आहे म्हणून आपल्याला हिवाळा आहे, उन्हाळा आहे.

हे ते मनापासून बोलले होते. रीनालाही ते तसंच पोचलं. स्नेहसंमेलनाच्या नाचात, कवायतीत, पाहुण्यांना फुलं द्यायच्या रांगेत तिला आजवर कुणी घेतलं नव्हतं. तिची आई रुख्मिणी शाळेतच मुलांची खिचडी शिजवायची. दुसऱ्या दिवशी ती ओल्या हातांनी वर्गाच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोट्टी काल आरशापुढून हटून नाही राहिली, सर. मी पृथ्वी आहो म्हणते."

तिसरीला शिकवणाऱ्या दीप्ती मॅडम वयानं लहान होत्या आणि कुठलीही गोष्ट मोबाइलवर घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी रीनाची एक फेरी टिपली आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. ती तिथून वर गेली. जिल्ह्यातून तीन उपक्रमशील शिक्षकांची नावं पुरस्कारासाठी पुढे पाठवायची होती. निवड समितीनं कळवलं की हा पाठ आम्हाला वर्गात बसून पाहायचा आहे. मुख्याध्यापिका इंदुताईंनी पिंपळापुरे सरांना ऑफिसात बोलावलं, बसायला सांगितलं आणि चहा मागवला. हे सरांच्या बाबतीत त्या ऑफिसात पहिल्यांदाच घडत होतं.

एरवी तपासणीला आलेले साहेब 'अ' तुकडीत बसत. हुशार मुलं तिकडे होती. 'ब'च्या दारात ते क्षणभर थांबत, "चालू द्या, चालू द्या" म्हणत आणि पुढे जात. सरांनी तेव्हाही पाठाची तयारी केलेली असे. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आपण शिकवत असताना कुणीतरी खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी बायकोखेरीज कुणाला बोलून दाखवली नव्हती. यमुताईंनी त्या संध्याकाळी ट्रंकेतून त्यांचा जुना निळा कोट काढला आणि गच्चीवर उन्हात घालायचा म्हणून दाराशी ठेवला. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला असलेला मुलगा घरी आल्यावर त्याला सांगितलं. तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "मस्त, बाबा."

आठवडाभरात शाळेत रीनाचं नाव बदललं. प्रार्थनेच्या रांगेत, नळावर, गेटपाशी तिला कुणी रीना म्हणेना. "सरका रे, पृथ्वी येऊन राहिली. धक्का लागला त हिवाळा होईन." "काहून वं पृथ्वी, सूर्य घरी विसरली का?" मग मुलांनी एक खेळ काढला. दोघांनी दोन बाजूंनी तिला ढकलायचं, ती कशीबशी तोल सावरून पुन्हा डावीकडे कलून उभी राहिली की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं: कल बदलत नाही, जागा बदलते.

दीप्ती मॅडमनी हे मधल्या सुट्टीत पाहिलं आणि सरांना सांगितलं. सर खिडकीशी गेले. नळाजवळ पोरांचा घोळका होता आणि त्यात 'अ' तुकडीची मुलंही होती.

"वाक्य मात्र बरोबर म्हणून राहिले," सर म्हणाले. "आपण 'अ'ला हे शिकवलंच नव्हतं."

दीप्ती मॅडम आपल्या वर्गाकडे निघाल्या. त्या कंत्राटी होत्या.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर रीना दप्तर पाठीला लावून सरांच्या टेबलापाशी थांबली. बराच वेळ तिनं टेबलाची कड नखानं खरवडली.

"सर, दुसऱ्याले करा ना पृथ्वी."

"का गं? काय झालं?"

"पाय दुखते."

सरांनी तिला समजावलं. बावीस तारखेपर्यंतच हे आहे, त्यानंतर आराम. उद्यापासून दोनच फेऱ्या घेऊ. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला उभंच राहता येत नाही, बेटा."

हे कौतुक होतं. रीनानं मान हलवली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी फेऱ्या पाच झाल्या.

हिवाळी अधिवेशन सुरू होतं. अर्धे अधिकारी विधानभवनात अडकलेले, अर्धे त्यांच्या दिमतीला. समितीला मिळाला तो सोमवार, बावीस डिसेंबर. खरं म्हणजे या वर्षीचा अयनदिन आदल्या दिवशी, रविवारी येत होता. सरांनी पंचांगात आणि मोबाइलवर दोन्हीकडे तपासलं होतं. पण पुस्तकात बावीस छापलं होतं आणि समितीच्या पत्रातही बावीस होतं. सरांनी तो विषय काढला नाही.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून रुख्मिणी रीनाला घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात गेली. महिन्यापूर्वी एका मोफत शिबिरात पायाचं माप घेऊन ठेवलं होतं, ते बूट तयार झाले होते. काळे, वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांचे. उजवा साधा होता. डाव्याचा तळ जाड होता, दीड इंचानं जास्त. डॉक्टरांनी ते घालून रीनाला दवाखान्याच्या बोळातून एक चक्कर मारायला लावली. रुख्मिणी बाकावर बसून पाहत होती. मुलगी तिच्याकडे येताना तिला पहिल्यांदाच मुलीचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसले.

हे तिनं सोमवारी सकाळी दीप्ती मॅडमना सांगितलं. तोवर सगळ्या शाळेनं पाहिलं होतं. रीना गेटमधून आत आली, ती घाई न करता. दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, त्यावर स्वेटर आणि पायांत ते बूट. प्रार्थनेच्या रांगेतली मुलं तिच्याकडे बघत राहिली. सौरवनं तोंड उघडलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. रीना त्याच्यासमोरून गेली आणि आपल्या जागेवर सरळ उभी राहिली.

पिंपळापुरे सर निळा कोट घालून व्हरांड्यात उभे होते.

"छान आहेत बूट," ते म्हणाले. "छान."

वर्गात गेल्यावर त्यांनी बल्ब लावला आणि रीनाला जूनवर उभं केलं. ती सरळ उभी राहिली. सर म्हणाले, कल. ती कमरेतून डावीकडे कलली, तीन-चार पावलं चालली आणि सप्टेंबर यायच्या आत सरळ झाली. पुन्हा जून. पुन्हा सरळ. ती मुद्दाम करत नव्हती; सरांना तेही दिसत होतं. अठ्ठावीस वर्षांत जसं प्रत्येक मुलाचं व्हायचं तसंच तिचं होत होतं. तिसऱ्या वेळेला ती डिसेंबरवर ताठ उभी राहिली आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आता हिवाळाच नाही होत.

दीप्ती मॅडम दारात होत्या. त्या म्हणाल्या की ऋषीला घेऊ या, थोडं चुकलं तर चुकू द्या, समिती समजून घेईल. सरांनी ऋषीला घेऊन पाहिलं. ऋषी वर्गातला हुशार मुलगा. तो सप्टेंबरला वळला आणि सोबत कलही वळवून बसला. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की समिती निघाली आहे, पण सीताबर्डीत मोर्च्यामुळे रस्ता बंद आहे, तासभर लागेल.

सर स्वयंपाकघरात गेले. रुख्मिणी मोठ्या गंजात खिचडी ढवळत होती.

"बूट अर्धा तास काढून ठेवावा लागेल," सर म्हणाले.

"डॉक्टरनं नाही म्हणलं, सर. सवय होऊ द्या म्हणे. रातीच काढाचा."

"अर्ध्या तासानं काही होत नाही."

"ते पोट्टी नाही आयकत आता. काल दिवसभर वस्तीत फिरून राहिली. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन उभी राहे. काही बोले नाही, निस्ती उभी राहे."

सरांनी धान्याच्या कोठीकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की समिती स्वयंपाकघरही पाहणार आहे. धान्याची कोठी, पाण्याचा ड्रम, सगळं. जूनमध्ये हे काम दुसऱ्या बचत गटाला द्यायचं चाललं आहे, ते तिच्याही कानावर आलंच असेल. आपल्याला विचारलं तर आपण तिच्याबद्दल चांगलंच सांगू. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते नेहमी असेच बोलत.

रुख्मिणीनं गॅस बारीक केला. डाव गंजावर आडवा ठेवला.

"पोट्टी सरळ उभी राहिली त तुमचा पाठ बिघडते. असंच ना, सर?"

"पाठ माझ्या एकट्याचा नाही, बाई. शाळेचा आहे."

तिनं पदराला हात पुसले आणि ती त्यांच्यामागून वर्गात आली. रीना डिसेंबरवर उभी होती. आई खाली बसली तेव्हाच तिला कळलं.

"आई, आज नोको ना," ती म्हणाली.

"पाठ झाला का लगेच घालून देते वं माय."

वर्गात आवाज नव्हता, त्यामुळे वेल्क्रोच्या पट्ट्या सुटल्या त्या सगळ्यांना ऐकू आल्या. रुख्मिणीनं डावा बूट काढला, आतला मोजा काढला आणि उजव्याला हात घातला.

"उजवा असू द्या," सर म्हणाले. त्यांनी कोनमापक लावून पाहिला होता. "त्यानं कल जरा वाढतो."

रुख्मिणी तशीच खाली बसून राहिली. मग तिनं डावा बूट उचलला, त्याचा जाड तळ हातानं झटकला आणि तो घेऊन ती निघून गेली. बूट तिनं स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी, वरच्या फळीवर ठेवला.

समिती सांगितल्यापेक्षा उशिरा आली. तिघं होते. अध्यक्ष गणपतराव, निवृत्त शिक्षणाधिकारी, गळ्यात मफलर. एक शाल पांघरलेल्या बाई आणि फाइल धरलेला एक तरुण अधिकारी. इंदुताईंनी त्यांना खुर्च्या दिल्या. तिघंही बसले. खिडक्यांवरच्या चादरी सारख्या केल्या, बल्ब लागला, आणि पिंपळापुरे सरांनी सुरुवात केली.

पाठ चांगला झाला. हे मान्य करायला हवं. सरांनी पहिल्या पाच मिनिटांत काहीच शिकवलं नाही, फक्त विचारलं: दिवाळीत आपण किती वाजेपर्यंत बाहेर खेळत होतो, आता आई किती वाजता आत बोलावते, सकाळी वाट कधी दिसते. मुलं बोलती झाली. मग त्यांनी पृथ्वीला चालायला सांगितलं. जूनमध्ये तिचं डोकं बल्बाकडे झुकलेलं होतं आणि कोपराजवळची टिकली उजळून निघाली होती. सप्टेंबर आला. तिथून उलटी पावलं. एक पाऊल बुटाचा आवाज करी, दुसरं बिनआवाजाचं पडे. वर्ग श्वास रोखून बघत होता, कारण ती कुठं पडते ते सगळ्यांना माहीत होतं. ती पडली नाही. डिसेंबरच्या खुणेवर येऊन थांबली. आता बल्ब तिच्या उजव्या हाताला होता आणि डोकं त्याच्यापासून लांब, डाव्या भिंतीकडे गेलेलं.

"हिचा कल बदलला का?" सरांनी विचारलं.

"कल बदलत नाही, जागा बदलते," सगळा वर्ग म्हणाला.

फाइलवाला अधिकारी लिहायचा थांबून बघू लागला.

गणपतरावांनी हात वर केला. उत्तरायण तर संक्रांतीला सुरू होतं असं आपण सगळे म्हणतो, मग आज कसं, त्यांनी विचारलं. ते सरांना अडचणीत आणायला विचारत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. सरांनी या प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. त्यांनी सांगितलं की सूर्याचं उत्तरेकडे सरकणं आत्ताच सुरू होतं. दीडेक हजार वर्षांपूर्वी संक्रांतही याच सुमाराला येई. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, इतका सावकाश की माणसाच्या आयुष्यात कळत नाही. म्हणून ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत सरकत सरकत जानेवारीत गेली. त्यांनी खिशातून खरोखरचा भोवरा काढला, फरशीवर फिरवला आणि मंदावताना तो कसा डोलतो ते दाखवलं. गणपतराव खुर्चीवरून पुढे वाकले. मुलं पुढे सरकली. सरांचा आवाज इतका मोकळा त्या वर्गानं कधी ऐकला नव्हता. भोवरा दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा शालवाल्या बाईंनी फिरवून पाहिला.

एवढा सगळा वेळ रीना डिसेंबरवर उभी होती. कोणी तिला हलायला सांगितलं नव्हतं.

मग टाळ्या झाल्या. शालवाल्या बाई उठून रीनाजवळ आल्या, तिच्या पायांकडे पाहिलं आणि हसल्या.

"एकाच पायात बूट! कल आणायला काय युक्ती काढली तुम्ही, सर. आणि काय तयारी करून घेतली पोरीची. शेवटपर्यंत कल सोडला नाही हिनं. मला तर क्षणभर खरंच वाटलं."

वर्गात कोणी हललं नाही. सौरवचा हात अर्धा वर आला. "मॅडम, ते..." तो म्हणाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात खाली गेला. इंदुताई फळ्याकडे पाहत होत्या. दीप्ती मॅडमच्या हातात मोबाइल होता, त्या त्यात बघत होत्या. रीना सरांकडे पाहत होती.

"तीन आठवडे सराव करून घेतला," पिंपळापुरे सर म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं.

गणपतरावांनी त्यांचा हात हातात घेतला. मी नोकरीत असताना असे वर्ग पाहायला मिळाले असते तर, असं काहीतरी ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "तुमचं नाव पक्कं समजा." ते दाराकडे निघाले होते. जाता जाता त्यांनी रीनाच्या गालाला हात लावला.

"शाबास. आता काढ तो बूट आणि सरळ उभी राहा, बेटा. झालं नाटक."

रीना खाली वाकली. तिनं उजव्या बुटाच्या दोन पट्ट्या सोडवल्या, बूट काढला, मोजा काढून बुटात ठेवला आणि बूट बाजूला सारला. मग ती उठली. उजवा पाय पूर्ण टेकवला. डाव्या पायाची टाच उचलली, चवड्यावर भार घेतला आणि कंबर, खांदे, मान एका रेषेत आणून ती उभी राहिली. निळी रिबीन आडवी झाली.

"हं, बघा, किती गोड दिसते," शालवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो घेऊ या म्हटलं. मधे रीना, तिच्या मागे पिंपळापुरे सर, दोन्ही बाजूंना पाहुणे, पुढे मुलं खाली बसलेली. सरांनी हात रीनाच्या खांद्यावर ठेवला. त्यांना त्या खांद्यातली थरथर हाताला लागली आणि त्यांनी हात तिथेच राहू दिला, कारण फोटो निघत होता. पहिल्या फोटोत फाइलवाल्या अधिकाऱ्याचे डोळे मिटले. दुसऱ्यात इंदुताई अर्ध्याच आल्या. "अजून एक," अधिकारी म्हणाला.

समिती खिचडीची चव घ्यायला स्वयंपाकघराकडे गेली. इंदुताई आणि दीप्ती मॅडम त्यांच्यासोबत गेल्या. सर दारापर्यंत जाऊन परत आले. त्यांनी मुलांना बाकं लावायला सांगितलं आणि खिडक्यांवरच्या चादरी सोडल्या. डिसेंबरचं ऊन आत आलं.

रीना जागेवरच होती.

"टेक पाय. गेले ते," सर म्हणाले.

तिनं टेकला नाही. सरांना वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. ते जवळ आले आणि तेच पुन्हा म्हणाले, जरा हळू. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती समोर पाहत होती, ओठ आवळलेले, दोन्ही हात अंगाला घट्ट लावलेले.

मुलं बाकं ओढून आणू लागली. मधली जागा भरत आली तशी ती तिच्या बाजूनं वळसा घालून बाकं नेऊ लागली. सर कोट काढून हातावर घेऊन तिथेच उभे राहिले. तिच्या डाव्या पोटरीचा गोळा घट्ट वर आला होता आणि थरथरत होता. टाच खाली आली नाही.